सीसीएनएचा अभ्यास कशावरून करावा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कुणासाठी लिहिलंय ते वाचणाऱ्यालाही कळेल. तू लातूरकडचा, बीएस्सी आयटी झालेला, पुण्यात एका कंपनीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात, एल-वन म्हणजे पहिल्या पायरीचा माणूस म्हणून रात्रपाळी करतोस. चार महिन्यांत सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा, द्यायचीय. परीक्षेची फी बाजूला काढून हातात पंधरा-अठरा हजार उरतात. मित्राने साठ जीबीचं एक फोल्डर दिलंय, त्यात सात व्हिडिओ कोर्स, अकरा पीडीएफ आणि 'लेटेस्ट डंप' नावाची, म्हणजे फुटलेल्या परीक्षेच्या प्रश्नोत्तरांची, फाइल आहे. एक क्लास 'हमखास पास' म्हणतोय. इंग्रजी कच्चं आहे. आधी नेटवर्क प्लस ही कॉम्पटियाची परीक्षा करावी का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटी विचारलंयस, रात्री कंपनीच्या स्विचला (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राला) लॉगिन असतंच, तिथेच सराव केला तर? या शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याला माझा एक जुना किस्सा चिकटलेला आहे.

फोल्डरपासून सुरुवात करू. त्यातलं तुला जवळजवळ काहीच लागणार नाही. चोरीचा माल वापरू नकोस हे तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी सात कोर्स म्हणजे सात जणांनी सात वेगळ्या क्रमाने शिकवलेला एकच विषय. पहिल्याचे बारा व्हिडिओ झाले की कंटाळा येतो, मग 'दुसरा बरा समजावतो' म्हणून दुसरा उघडायचा आणि पुन्हा ओएसआय मॉडेलच्या, म्हणजे नेटवर्कच्या कामाच्या विभागणीच्या, सात थरांपासून श्रीगणेशा. ओएसआय मॉडेल पाच वेळा शिकलेली आणि एसीएलपर्यंत (कोणता डेटा जाऊ द्यायचा, कोणता अडवायचा त्या नियमांपर्यंत) एकदाही न पोचलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत.

आज एवढंच कर. सिस्कोच्या संकेतस्थळावर २००-३०१ परीक्षेची अधिकृत विषयसूची फुकट मिळते. मोजक्या पानांची पीडीएफ आहे. ती छापून घे, दहा-वीस रुपयांत काम होतं. २० ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू झाली. तू परीक्षेची तारीख घेशील तेव्हा कागदावर कोणती आवृत्ती लिहिलीय ते पुन्हा एकदा बघ. त्यात सहा विभाग आणि त्यांचं वजन दिलेलं आहे: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विचिंग आणि वायरलेसचा नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे मुख्यतः राउटिंग (डेटाच्या पॅकेटचा मार्ग ठरवणं) २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५ आणि ऑटोमेशन १०.

टक्के सगळेच बघतात. तू क्रियापदं बघ. प्रत्येक ओळ एका क्रियापदाने सुरू होते आणि त्या मुद्द्यासाठी कोणतं साहित्य लागेल हे तेच क्रियापद सांगतं. 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' लिहिलं असेल तर तिथे वाचून भागणार नाही, हाताने कमांड टाकून, मोडून, दुरुस्त करून बघायला लागेल. 'डिस्क्राइब' किंवा 'एक्सप्लेन' असेल तर पुस्तकाचं एक प्रकरण आणि दहा-पंधरा प्रश्न पुरतात. 'इंटरप्रिट' असेल तर आउटपुट समोर ठेवून त्यातलं काय कुठून आलं हे वाचता आलं पाहिजे. छापलेल्या कागदावर तीन रंगांचे पेन घेऊन बस आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मार, लॅब एका रंगात, वाचन दुसऱ्या, आउटपुट तिसऱ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

याचा उपयोग काय ते सांगतो. राउटर पडला तर दुसऱ्याने गेटवेची, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराची, जागा घ्यायची, ही एचएसआरपीसारख्या प्रोटोकॉलची भानगड. विषयसूचीत तिच्यासमोर 'डिस्क्राइब' आहे. हेतू आणि काम सांगता आलं की झालं. तरी क्लासमध्ये त्यावर दोन-दोन आठवडे प्रायॉरिटी आणि प्रीएम्प्टच्या कमांड घोटवून घेतात, कारण जुन्या अभ्यासक्रमाच्या नोट्स तशा आहेत. उलट डीएचसीपी स्नूपिंग, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन आणि पोर्ट सिक्युरिटी या स्विचवरच्या सुरक्षेच्या सोयींसमोर स्वच्छ 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' लिहिलंय, आणि ते बरेच जण व्हिडिओ दीडपट वेगाने पळवून उरकतात. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत, हवंय, पण एकाच एरियाचं. त्याच कामाचं ईआयजीआरपी कॉन्फिगर करायला सूचीत नाहीच.

आता जुनं साहित्य कसं ओळखायचं. सध्याची २००-३०१ परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. त्याआधी २००-१२५ होती, त्याआधी २००-१२०, त्याच्याही आधी ६४०-८०२. मी स्वतः ६४०-८०२ वाला. आमच्या क्लासने दिलेल्या स्पायरल बाइंडिंगच्या झेरॉक्समध्ये फ्रेम रिलेची (दूरची ऑफिसं जोडायच्या जुन्या तंत्राची) चाळीस पानं होती आणि ती त्या काळी खरोखर लागायची. मात्र त्याच झेरॉक्सचे नातू-पणतू अजून फिरतायत. पुस्तक हातात आलं की मागची शब्दसूची उघड. फ्रेम रिलेवर मोठं प्रकरण, ईआयजीआरपीच्या मेट्रिकचं गणित, हे दिसलं की पुस्तक २०२० च्या आधीचं. ऑटोमेशनच्या भागात पपेट आणि शेफ ही साधनं असतील आणि टेराफॉर्म नसेल, तर ते १.० आवृत्तीचं. १.१ मध्ये ॲन्सिबल आणि टेराफॉर्म ठेवले, पपेट-शेफ काढले, आणि नेटवर्क चालवताना एआय व मशीन लर्निंगचा उपयोग हा मुद्दा घातला. स्विचमधलं चक्र (लूप) थांबवणाऱ्या स्पॅनिंग ट्रीच्या ओळीतही रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू फिल्टर, बीपीडीयू गार्ड ही नावं स्पष्टपणे आली.

म्हणजे १.० चं पुस्तक रद्दीत घालायचं का? अजिबात नाही. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं, बदललेलं नाही, ओएसपीएफ बदललेलं नाही. अप्पा बळवंत चौकात सिस्को प्रेसच्या अधिकृत मार्गदर्शकाची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर खुशाल घे आणि फरकाचे तीन-चार मुद्दे दुसरीकडून वाच. हा मार्गदर्शक वेंडेल ओडम यांचा, दोन खंडांचा, आणि १.१ साठी त्याची दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. मुख्य पुस्तक म्हणून मी अजूनही त्याचंच नाव घेतो. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'हे तुला आधीच येतं का' अशी छोटी चाचणी असते. ती सोडव. सगळं बरोबर आलं तर प्रकरण चाळून पुढे जा, अडखळलास तर नीट वाच. तुझ्यासारख्या नोकरी करणाऱ्याचे त्यात कितीतरी तास वाचतात. पुस्तकाचा दोषही सांगतो: ते लांब आहे. लेखक एक गोष्ट तीनदा सांगतो. रात्रपाळीनंतर सकाळी नऊला ते उघडलंस तर दहा मिनिटांत डोळा लागेल, ही हमी मी देतो.

म्हणून तुझ्यासाठी मुख्य साहित्य व्हिडिओ असावं आणि पुस्तक अडेल तिथे उघडायला. दिवसा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी उलट सांगितलं असतं. व्हिडिओंत जेरेमीज आयटी लॅबचा युट्यूबवरचा कोर्स घे. फुकट आहे, साठाहून जास्त 'दिवसां'त विभागलाय, बऱ्याच दिवसांना पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सरावाच्या प्रोग्रामची लॅब जोडलेली आहे आणि उजळणीसाठी आंकी या ॲपची फ्लॅशकार्डंही तयार मिळतात. इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट आहे, हेडफोन लावले तर तुला जड जाणार नाही. पैसे देऊन घ्यायचे चांगले कोर्सही आहेत, पण हा संपवल्याशिवाय त्यांच्याकडे बघू नकोस. एक धर आणि शेवटपर्यंत ने.

फ्लॅशकार्डं मुलं हसण्यावारी नेतात. पोर्ट क्रमांक, एडीचे आकडे (मार्ग कुणी कळवला त्यावर किती विश्वास ठेवायचा ते; आकडा कमी तेवढा विश्वास जास्त), ओएसपीएफच्या शेजारपणाच्या अवस्था, वायरलेसची मानकं, या गोष्टी समजून घ्यायच्या नसतात, पाठच करायच्या असतात. पाढ्यांसारख्या. आंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वीस मिनिटं दिलीस तरी पुष्कळ.

कोणतंही साहित्य घेण्याआधी त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे एका उदाहरणाने दाखवतो. राउटरच्या मार्गांच्या टेबलमध्ये तीन ओळी आहेत असं धर (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे). १०.१.१.०/२४ हा मार्ग ओएसपीएफने आलाय, एडी ११०. १०.१.१.०/२५ हा रिप या दुसऱ्या प्रोटोकॉलने आलाय, एडी १२०. आणि १०.१.०.०/१६ हा हाताने घातलेला स्टॅटिक, एडी १. आता १०.१.१.२० कडे जाणारं पॅकेट आलं. कोणत्या मार्गाने जाईल?

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडच्या एका नव्या मुलाने मला त्याची डंप फाइल दाखवली. त्यात जवळजवळ हाच प्रश्न होता आणि उत्तर दिलं होतं स्टॅटिक, 'कारण एडी सर्वांत कमी'. ते चूक आहे. राउटर आधी बघतो की पत्त्याशी सर्वांत जास्त बिट कुठल्या ओळीचे जुळतात. /२५ ची ओळ ० ते १२७ सांभाळते, २० त्यात बसतो, म्हणून पॅकेट रिपच्या मार्गाने जाणार. एडी त्या बिचाऱ्याची कितीही वाईट असो. एडी कधी लागते? अगदी तेच नेटवर्क, तेवढ्याच लांबीचा मास्क, दोन वेगवेगळ्या स्रोतांकडून आला तर त्यांतला कोण टेबलात बसणार हे ठरवायला. इथे तिन्ही ओळी वेगळ्या लांबीच्या आहेत, म्हणून तिन्ही टेबलात बसल्यात. पॅकेट १०.१.१.२०० चं असतं तर ओएसपीएफने गेलं असतं, १०.१.७.७ चं असतं तर स्टॅटिकने.

त्या मुलाने ते चुकीचं उत्तर पाठ केलं होतं. मी विचारलं, "हे असं का?" म्हणाला, "सर, फाइलमध्ये तसंच आहे."

तर तुझी कसोटी ही. कुठलंही पुस्तक, कोर्स किंवा क्लासच्या नोट्स हातात आल्या की मार्ग निवडण्याचा भाग उघड आणि बघ, वरच्या तीन पत्त्यांची उत्तरं तुला त्या वाचनातून काढता येतात का. आली तर साहित्य चांगलं. नुसता एडीचा तक्ता देऊन पुढे सरकलं असेल तर ठेवून दे. दुसरी कसोटी सबनेटिंगची. १७२.१६.४५.२००/२१ हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला? चांगला शिक्षक तुला दोन ओळींत दाखवेल की /२१ म्हणजे तिसऱ्या ऑक्टेटमध्ये (पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यात) आठ-आठच्या उड्या, ४५ येतो ४० ते ४७ मध्ये, म्हणून नेटवर्क १७२.१६.४०.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५, संगणकांना (होस्टना) २०४६ पत्ते. जो अजून पानभर शून्य-एक मांडून अँड करायला लावतो, त्याच्याकडून तत्त्व समजून घे, पण परीक्षेतला वेग तिथून येणार नाही.

डंपबद्दल एवढ्यावर थांबलो असतो, पण तू थेट विचारलंयस म्हणून थेट सांगतो. नको. परीक्षेला बसताना जो करार तू मान्य करतोस त्यात हे बसत नाही, आणि सापडलास तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. तो भाग सोडला तरी आता परीक्षेत प्रत्यक्ष लॅबचे प्रश्न येतात. समोर टर्मिनल असतं आणि काम पुरं करून द्यायचं असतं. तिथे 'उत्तर क' पाठ असून काय उपयोग? आणि मुलाखतीत आमच्यासारखे लोक बसलेले असतात. प्रमाणपत्र बघून आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो 'ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीएलॅन वेगळी ठेवली तर काय होईल' असला. (व्हीएलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क, ट्रंक म्हणजे अनेक व्हीएलॅन वाहणारी लिंक, आणि नेटिव्ह म्हणजे जिच्या फ्रेमना टॅग लागत नाही ती.) डंपवाला उमेदवार व्याख्या सांगतो. लॅब केलेला सांगतो, "सर, सीडीपी कन्सोलवर मिसमॅच म्हणून ओरडायला लागतं." सीडीपी म्हणजे सिस्कोच्या यंत्रांची शेजाऱ्याला ओळखायची पद्धत, आणि ती ओरडायला लागते हे त्याने पाहिलेलं असतं. मग तो पुढे टॅग नसलेल्या फ्रेम एका व्हीएलॅनमधून दुसऱ्यात कशा शिरतात तेही सांगतो, निदान प्रयत्न तरी करतो.

हाच प्रश्न घेऊन त्या 'हमखास पास' क्लासमध्ये जा. डेमो लेक्चरला बस, संपल्यावर सरांना विचार. ते पॅकेट ट्रेसर उघडून तिथल्या तिथे करून दाखवायला लागले तर क्लासचा विचार करायला हरकत नाही. 'ते पुढच्या मॉड्यूलमध्ये' म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पड. आणखी एक विचार: मोडलेलं नेटवर्क दुरुस्त करायला देता का, की फक्त बोर्डवरची कमांड उतरवून घ्यायला लावता? माझ्या क्लासमध्ये दुसरा प्रकार होता. बारा जण बारा संगणकांवर एकच कमांड एकाच वेळी टाकायचो. कवायत नुसती. तुझ्या बाबतीत मला क्लास फारसा गरजेचा वाटत नाही. तू एनओसीत बसतोस, रोज अलार्म बघतोस, शंका विचारायला वरच्या पायरीचा एल-टू शेजारच्या खुर्चीत आहे. तुझं कॉलेज सिस्को नेटवर्किंग अकॅडमीशी जोडलेलं होतं का तेही बघ, राज्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. तसं असेल तर तिथल्या जुन्या सरांना फोन कर. अकॅडमीचा अभ्यासक्रम मन लावून पुरा केला तर परीक्षेच्या फीत सवलतीचं व्हाउचर मिळण्याची शक्यता असते, आणि फी ३०० डॉलर आहे, वर कर. रुपयांत पंचवीस हजारांच्या वर जाते, त्यामुळे सवलत म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

लॅबसाठी पॅकेट ट्रेसर घे. अकॅडमीचं खातं उघडलं की फुकट मिळतं, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आरामात चालतं. जीएनएस-३ आणि ईव्ह-एनजी हे त्याच कामाचे प्रोग्राम चांगले आहेत, पण त्यांना सिस्कोच्या सॉफ्टवेअरच्या 'इमेज' फाइली वेगळ्या लागतात आणि त्या रीतसर मिळवणं तुझ्या आवाक्यातलं नाही. सिस्को मॉडेलिंग लॅब्सची पाच नोडपर्यंतची फुकट आवृत्ती आहे, तिच्यात खरं आयओएस, म्हणजे सिस्कोच्या यंत्रांतली ऑपरेटिंग सिस्टिम, चालतं. पण ती उभी करायला व्हर्च्युअल मशीनची सवय हवी, म्हणून तिसऱ्या महिन्यात वाटलं तर बघ. पॅकेट ट्रेसर हे खरं आयओएस नाही, त्याची नक्कल आहे. काही कमांड त्यात नाहीत, काही अर्धवट वागतात. एखादी कमांड चालली नाही की तास दोन तास डोकं फोडत बसू नकोस, प्रोग्रामचा दोष समज आणि पुढे चल. सीसीएनएच्या पातळीला तो पुरून उरतो. जुने १८४१ राउटर आणि २९६० स्विच विकत घ्यायचा मोह होईल, भंगाराच्या भावात मिळतात. भाड्याच्या खोलीत २९६० चा पंखा एक रात्र ऐक, मग ठरव.

लॅब कशी करायची हे साहित्य निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक लॅब 'हे टाइप करा' छापाच्या असतात. दिलेली लॅब पूर्ण झाली की ती स्वतः मोड. दोन राउटर, मध्ये एक लिंक, ओएसपीएफ लावलंस, शेजारी 'फुल' झाले. आता एका बाजूच्या इंटरफेसवर हॅलोचा ('मी आहे' असा निरोप पाठवायचा) कालावधी १० वरून ५ सेकंद कर. ताबडतोब काही होत नाही. दुसऱ्या राउटरवर जा आणि 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' पुन्हा पुन्हा मार. डेड टाइमचा, म्हणजे हॅलो न आल्यास शेजारी गेला समजायला उरलेल्या सेकंदांचा, आकडा एरवी तीस ते चाळीसच्या मध्ये खेळत असतो. तो आता उतरत जातो: २६, १९, ११, ४. मग कन्सोलवर ओळ उमटते, शेजारी फुलवरून डाउन, डेड टायमर संपला. आता 'शो रन' न बघता दोष शोध. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' दोन्हीकडे मारून आकडे शेजारी ठेव, एकीकडे १० आणि ४०, दुसरीकडे ५ आणि २०. तू फक्त हॅलो बदलला होतास, डेड चौपटीने आपोआप बदलला. ही गोष्ट पुस्तकात एका वाक्यात आहे. तो आकडा उतरताना एकदा बघितलास की परत वाचायला लागणार नाही.

असा मोडतोडीचा प्रत्येक प्रयोग एका वहीत लिही. काय मोडलं, काय दिसलं, कुठल्या 'शो' कमांडने सापडलं. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, मिसळून लिही, कोणी तपासणार नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर तुला वाटतंय तेवढी अडचण नाही. परीक्षेचं इंग्रजी म्हणजे फार तर दोन-तीनशे शब्दांचा खेळ आहे. मुलं अडकतात ती 'दोन निवडा' हे न वाचता एकच खूण करून पुढे जाण्यात, किंवा प्रश्नातला 'नॉट' नजरेआड होण्यात. लांब प्रश्न आला तर शेवटची ओळ आधी वाच, काय विचारलंय ते कळल्यावर वरची आकृती बघ. हिंदीतले व्हिडिओ संकल्पना कळायला पाहायला हरकत नाही, मात्र प्रश्न सोडवायचे ते इंग्रजीतच. एकदा पुढे गेलास की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, आणि वेळ १२० मिनिटांचा, म्हणून वाचनाचा वेग सरावातच यायला हवा.

त्यासाठी तुझ्या पंधरा-अठरा हजारांतला मोठा खर्च मी एका चांगल्या सराव-प्रश्नसंचावर करायला सांगेन. बोसन या कंपनीचा संच बऱ्याच जणांना खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड वाटतो, मलाही वाटला. त्याची खरी किंमत स्पष्टीकरणांत आहे. बरोबर पर्याय का बरोबर, आणि बाकीचे का चूक, दोन्ही लिहिलेलं असतं. डंप आणि प्रश्नसंच यांतला फरक तिथेच कळतो. पण तो विकत घे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी. आधी घेतलास तर पहिल्याच आठवड्यात एक पेपर सोडवशील, चाळीस टक्के पडतील आणि आठवडाभर तोंड पाडून फिरशील. शिवाय तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवताना उत्तरं आठवायला लागतात आणि गुण फुगतात. प्रत्येक पेपर पहिल्यांदा सोडवताना जे पडतं तेच खरं. चुकलेला प्रश्न घेऊन छापलेल्या विषयसूचीवर त्याची ओळ शोध आणि तिथे टिंब मार. तीन पेपर झाले की टिंबांचे पुंजके कुठे आहेत ते दिसतं, तेवढंच पुस्तकातून पुन्हा वाच. किती टक्क्यांना पास, असं विचारू नकोस. सिस्को तो आकडा जाहीर करत नाही. नापास झालास तर पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं. निकालपत्रावर विभागवार टक्के असतात, त्यामुळे कुठे माती खाल्ली ते समजतं.

वेळेचा हिशेब कर. चार महिने म्हणजे सोळा-सतरा आठवडे, आठवड्याला दहा तास मिळाले तर एकशे साठ-सत्तर तास. पाळी बदलेल, सण येतील, गावी जायला लागेल, म्हणून दीडशे धर. त्यातले निदान साठ तास पॅकेट ट्रेसरमध्ये जाऊ देत. ऑटोमेशनला दहा टक्के आहेत म्हणून पायथन शिकायला बसू नकोस. जेसनचा (डेटा लिहायच्या एका पद्धतीचा) तुकडा समोर आला तर त्यात की कोणती, व्हॅल्यू कोणती, चौकटी कंसात काय आणि महिरपी कंसात काय, इतकं ओळखता आलं की पुरे.

नेटवर्क प्लस आधी करू नकोस. परीक्षा वाईट नाही, कुठल्या एका कंपनीला बांधलेली नाही, नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. पण तू रोज सिस्कोच्याच स्विचचे अलार्म बघतोस, आणि तुझी पुढची एल-टूची मुलाखत घेणारा सीसीएनएबद्दल विचारणार. दोन फिया कशाला भरायच्या? सीसीएनए तीन वर्षं टिकतं, त्या आत वरच्या परीक्षेकडे जायला तुला वेळ आहे.

राहिला कंपनीच्या स्विचवर सरावाचा प्रश्न. वरिष्ठांना विचारून 'शो' कमांड मार, भरपूर मार. खऱ्या राउटिंग टेबलमध्ये शेकडो ओळी कशा दिसतात, खऱ्या इंटरफेसवर सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या फ्रेमचा आकडा) कसे वाढतात, हे पॅकेट ट्रेसर दाखवत नाही. तू काय टाइप करतोस त्याची नोंद सर्व्हरवर होत असते एवढं लक्षात ठेव. कॉन्फिगरेशन मोडमध्ये मात्र पाऊल टाकू नकोस.

मी टाकलं होतं. सीसीएनए होऊन सहा महिने झाले होते, शुक्रवारची संध्याकाळ. एका शाखेच्या स्विचवर ट्रंकमध्ये व्हीएलॅन ३० वाढवायचा होता. मी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीएलॅन ३०' टाकलं आणि एंटर मारला. मध्ये 'ॲड' हा शब्द लागतो. तो नसला की आधीची सगळी यादी पुसली जाते आणि ट्रंकवर एकटा ३० उरतो. शाखेचे संगणक गेले, फोन गेले, आणि ज्या व्हीएलॅनमधून मी त्या स्विचला लॉगिन केलं होतं तोही गेला, म्हणजे परत आत शिरून दुरुस्त करायची सोय नाही. स्क्रीन गोठलेली. शाखेत आयटीचं कोणी नव्हतं. शेवटी तिथल्या वॉचमनला फोन लावला. "काका, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत हिरवे दिवे लुकलुकतायत ना, त्याची वायर काढा, दहापर्यंत मोजा आणि परत लावा." काकांनी मोजायला बराच वेळ घेतला. बदल मी सेव्ह केला नव्हता, त्यामुळे स्विच जुन्याच कॉन्फिगरेशनवर उठला आणि पाच-सात मिनिटांत शाखा परत आली. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं आणि फळ्यावर ती कमांड लिहायला लावली. 'ॲड'सकट.